दॅटनंतर कॉमा नको
इंग्रजी लिहिताना कॉमा कुठे द्यायचा यावर कोणीतरी म्हटलंय की श्वास घ्यायला थांबतो तिथे द्यायचा, अहो मग ठाणे स्टेशनचा जिना चढून आल्यावर मेल लिहिला तर शब्दागणिक कॉमा येईल :) आपली खरी गोची वेगळीच आहे, मराठीत 'गाडी चुकली, उशीर झाला' चालून जातं पण इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडत नाहीत, फुलस्टॉप द्या नाहीतर कॉमापुढे 'सो' घाला. आणि 'तो म्हणाला की,' ची सवय! ऐरोलीच्या ऑफिसात माझ्यासकट निम्मे लोक इंग्रजीतही 'दॅट'नंतर कॉमा टाकायचे. यादीत 'अँड'आधीचा कॉमा ऐच्छिक, पण अमेरिकेत मेन राज्याच्या कायद्यात असाच एक कॉमा नव्हता, त्यामुळे अर्थ संदिग्ध ठरला म्हणून दूध कंपनीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमचं अपील जिंकलं, २०१८ मध्ये प्रकरण ५० लाख डॉलरवर मिटलं.