झरझर सरकणाऱ्या छायाचित्रांत नेमके एकच का निसटते?

प्रश्न: हौशी छायाचित्रकार, फोंडा

यंदाच्या शिगमोत्सवात फोंडा, डिचोली आणि साखळी येथे काढलेली शंभर छायाचित्रे जोडून मी बारा सेकंदांची एक चित्रफीत तयार केली. सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या, तर प्रत्येक छायाचित्र तीन चौकटी, म्हणजे १२० मिलिसेकंद पडद्यावर राहते. त्यात माझ्या थोरल्या भावाचा ढोल वाजवतानाचा एक फोटो आहे आणि तो शोधायला मी त्याला आधीच सांगितले होते. तरीही तो त्याला दिसला नाही. त्या फोटोच्या दोन जागा आधी साखळीच्या वीरभद्राचा, दोन्ही हातांत तलवारी घेतलेला आणि डोळे रोखून पाहणारा, अगदी जवळून घेतलेला फोटो आहे. तो मात्र भावाला लख्ख आठवतो. मी वीरभद्राच्या जागी पताकांचा फोटो घालून चित्रफीत पुन्हा दाखवली, तेव्हा भावाने स्वतःला लगेच ओळखले. भावाच्या फोटोची जागा आणि अवधी दोन्ही वेळा तेच होते, मग हा दोष डोळ्यांचा, पडद्याचा की आणखी कशाचा?

उत्तर १: मडगाव

याचे कारण दृष्टिसातत्य असावे. आधीच्या तेजस्वी चित्राची प्रतिमा दृष्टिपटलावर काही क्षण रेंगाळते आणि पुढची चित्रे तिच्याखाली झाकली जातात. वीरभद्राचा फोटो थोडा काळपट करून पाहावा.

उत्तर २: निवृत्त मानसशास्त्र शिक्षिका, पर्वरी

वरील उत्तराशी मी सहमत नाही. रेंगाळणाऱ्या प्रतिमेमुळे असे घडत असते, तर वीरभद्राला चिकटून आलेल्या फोटोला सर्वाधिक फटका बसला असता आणि २४० मिलिसेकंदांनंतर आलेला फोटो बचावला असता. शिवाय मधल्या फोटोने ती प्रतिमा एव्हाना पुसलेली असते.

जेन रेमंड, किम्रॉन शापिरो आणि कॅरेन आर्नेल यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उपयोगी पडेल. पडद्यावर एकाच जागी काळी अक्षरे सेकंदाला सुमारे अकरा या वेगाने येत होती आणि त्यांत एक अक्षर पांढरे होते. ते पांढरे अक्षर कोणते हे प्रेक्षकाने सांगायचे होते, आणि त्यानंतर ‘एक्स’ आले की नाही हेही. पांढऱ्या अक्षरानंतर साधारण १८० ते ४५० मिलिसेकंदांच्या पट्ट्यात आलेला ‘एक्स’ वारंवार हुकला. मात्र त्याच प्रेक्षकांना पांढरे अक्षर सोडून द्यायला सांगितले, तेव्हा तोच ‘एक्स’ त्यांना सहज सापडला. डोळ्यांपुढचा देखावा दोन्ही वेळा सारखाच होता, म्हणून अडचण डोळ्यांत नव्हती. पहिले अक्षर स्मृतीत पक्के करण्यात मन गुंतले की तेवढ्यापुरते दुसऱ्यासाठी दार मिटते. याला ‘अटेन्शनल ब्लिंक’ म्हणतात. मी वर्गात ‘अवधाननिमेष’ म्हणत असे, कारण पापणी लवल्यासारखे अवधान लवते. गंमत अशी की पहिल्या अक्षराला अगदी चिकटून आलेले अक्षर पुष्कळदा बचावते. जणू दार मिटण्याआधी तेही पहिल्याच्या मागोमाग आत सरकते.

निसटलेले चित्र मेंदूपर्यंत पोहोचतच नाही, असेही समजू नये. स्टीव्हन लक, एडवर्ड वोगेल आणि शापिरो यांनी १९९६ मध्ये अक्षरांऐवजी शब्द दाखवून मेंदूतील विद्युत लहरी मोजल्या. जो शब्द प्रेक्षकाला सांगता आला नाही, त्याचाही अर्थ लागल्याची खूण त्या लहरींत उमटली होती. म्हणजे तुमच्या भावाच्या मेंदूने त्याचा चेहरा कदाचित ओळखलाही असेल; फक्त ती ओळख टिकून त्याच्या जाणिवेपर्यंत आली नाही.

उत्तर ३: चित्रफीत संपादक, म्हापसा

बाईंचे विवेचन पटले, पण एक फरक नोंदवावासा वाटतो. रेमंड यांच्या प्रयोगात पहिले अक्षर ओळखणे हे प्रेक्षकाला नेमून दिलेले काम होते. येथे वीरभद्राकडे लक्ष द्या असे कोणी सांगितले नव्हते. त्याने ते ओढून घेतले. या बाबतीत स्टीव्हन मोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००५ मधील प्रयोग अधिक जवळचा आहे. त्यात प्रत्येक चित्र १०० मिलिसेकंद दाखवले जाई आणि प्रेक्षकाने फक्त आडवे फिरवलेले निसर्गदृश्य किंवा इमारत शोधायची असे. त्याच्या दोन जागा आधी एखादे भयंकर चित्र आले, की शोधायचे चित्र पुष्कळदा हुकत असे. अंतर आठ जागांचे केले, की प्रेक्षक सावरलेले असत.

वेगालाच दोष देऊ नये असेही मी म्हणेन. मेरी पॉटर यांनी १९७५ मध्येच दाखवले होते, की कोणते चित्र शोधायचे हे नुसते शब्दांत आधी सांगितले, तरी १२५ मिलिसेकंद दाखवलेले चित्र लोक बहुतेक वेळा हेरतात. ती चित्रे मागाहून आठवत मात्र फारच थोडी, कारण पाहणे क्षणात होते आणि साठवण्याला अधिक वेळ लागतो. म्हणून सबंध चित्रफीत संथ करण्याऐवजी भावाचा फोटो आठ-दहा जागा पुढे न्यावा.

तुमच्या प्रयोगातील त्रुटीही सांगतो. दुसऱ्या खेपेस तुमचा भाऊ तीच चित्रे एकदा पाहून बसलेला प्रेक्षक होता. ज्याने चित्रफीत पाहिलेलीच नाही, अशा माणसाला बसवल्याशिवाय श्रेय पताकांना देता येणार नाही.

प्रश्नकर्ता, फोंडा

सर्वांचे आभार. त्रुटी मान्य आहे. वहिनी शिगम्याला माहेरी सत्तरी तालुक्यात होती आणि तिने चित्रफीत पाहिली नव्हती. वीरभद्राला हात न लावता भावाचा फोटो त्याच्यापासून नवव्या जागी नेला आणि वेग तोच ठेवून काल रात्री तिला एकदाच दाखवले. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मला समजते. परंतु भाऊ दिसला का, असे विचारल्यावर तिने त्याचा फेटा उजवीकडे कलला होता, हेही सांगितले.