प्लगचं जागतिक मानक असताना आपण ते घेत का नाही?

मुलुंड_पूर्व:
फ्लॅटचं वायरिंग नव्याने चालू आहे, भिंती अजून उघड्या आहेत. जर्मनीहून ओव्हन, केटल आणि कॉफी मशीन येणार आहे. तिन्हींना शूको प्लग, म्हणजे दोन गोल पिना आणि अर्थिंगच्या पट्ट्या बाजूला. इंटिरिअरवाला म्हणतो सगळीकडे 'युनिव्हर्सल' सॉकेट टाका, काहीही बसतं. वायरमन नको म्हणतोय. शूको आपल्या सहा ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये बसतो, मग अडचण कसली? आणि आयईसीचं (आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांची संस्था) जागतिक मानक १९८६ पासून आहे, तरी भारत इंग्रजांच्या जमान्यातल्या गोल पिना सोडत नाही. हा हट्ट आहे की त्याला काही कारण आहे?

लोहारचाळ_रेग्युलर:
वायरमन बरोबर आहे, त्याचं ऐका.

शूकोच्या पिना ४.८ मिमी जाड, अंतर १९ मिमी. आपल्या सहाच्या सॉकेटची भोकं साधारण ५.१ मिमीच्या पिनांसाठी, अंतर १९ मिमीच. त्यामुळे वरच्या भोकात टेस्टर घालून शटर उघडायचं आणि खाली शूको ढकलायचा, हा उद्योग घरोघरी चालतो. मशीन सुरूही होतं. पण अर्थिंगच्या पट्ट्या हवेत राहतात. बॉडीला फेज लागला तर तो जमिनीत जायला वाटच नसते. आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) असेल तर तो पडेल, पण तुमचा हात लागल्यावर.

दुसरी गोष्ट करंटची. २२०० वॅटची केटल २३० व्होल्टवर साडेनऊ ॲम्पिअर ओढते आणि सॉकेट आहे सहाचं. त्यात पिना किंचित बारीक, म्हणजे पकड सैल. सैल पकड तापते, तापली की आतली पितळी स्प्रिंग मऊ पडते, मग आणखी सैल. प्लेट पिवळी पडायला लागली की समजायचं.

युनिव्हर्सल सॉकेटमध्ये हाच दोष कायमचा बसवलेला असतो. गोल, चपट्या, चौकोनी सगळ्या पिना धरायच्या म्हणून त्यातली पत्ती कुठल्याच पिनेला नीट धरत नाही. शूकोचं अर्थिंग तर त्यातही जुळत नाही.

करायचं काय? कॉफी मशीनची वायर मागून सुटी होत असेल तर कापाकापी नको, आपल्या सोळा ॲम्पिअरच्या टॉपची (प्लगची) तयार कॉर्ड मिळते. फक्त कॉर्डचं मशीनकडचं तोंड बघा. खाच असलेलं तोंड गरम उपकरणांसाठी, १२० अंशांपर्यंतचं. संगणकाची साधी कॉर्ड ७० अंशांची, तिला खाच नसते, म्हणून ती अशा मशीनमध्ये जाणारच नाही. तिला तासून खाच पाडून बसवू नका.

केटलची वायर बहुतेक बैठकीलाच जोडलेली असते. तिथे शूको कापून सोळाचा टॉप लावा, भरीव पितळी पिनांचा. तपकिरी एलला (फेज), निळी एनला (न्यूट्रल), हिरवी-पिवळी ईला (अर्थ). अर्थची तार बाकी दोघींपेक्षा सेंटिमीटरभर लांब ठेवा, म्हणजे वायर ओढली गेली तर ती शेवटी सुटते. क्लॅम्प बाहेरच्या आवरणावर बसला पाहिजे, आतल्या तारांवर नाही. टोकांना शिसं लावून स्क्रूखाली दाबू नका. ते हळूहळू दबतं आणि जोड ढिला होतो. त्याऐवजी फेरूल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) लावा.

शेवटी मल्टिमीटरने टॉपची मोठी पिन आणि उपकरणाची उघडी धातूची बॉडी तपासा. १ ओहमच्या आत आलं पाहिजे.

बीएस५४६:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण 'इंग्रजांच्या जमान्यातल्या' यात एक गंमत आहे. आपला आयएस १२९३ (प्लग-सॉकेटचं भारतीय मानक) ज्या ब्रिटिश मानकावरून आला, ते ब्रिटनने स्वतःच घरगुती वापरातून मोडीत काढलं. १९४७ मध्ये त्यांनी बीएस १३६३ आणलं, म्हणजे चौकोनी पिना आणि प्लगमध्येच फ्यूज. युद्धानंतर तांब्याचा तुटवडा होता. रिंग सर्किटमध्ये एकाच ३० ॲम्पिअरच्या वळशावर बरीच सॉकेट भागत, तांबं वाचे. प्लगमधला फ्यूज ही त्या रिंगची गरज आहे.

आपण रिंग टाकतच नाही. सहाच्या पॉइंटला १.५ स्क्वेअरची (चौरस मिमी) वायर, सोळाच्या पॉवर पॉइंटला अडीचची, वेगळ्या एमसीबीवरून (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच). त्यामुळे ब्रिटिश प्लग उचलायचा तर निम्मी योजना उचलून भागलं नसतं.

१९८६ च्या त्या मानकाचं, आयईसी ६०९०६-१ चं, म्हणाल तर ते नावालाच जागतिक आहे. प्रत्यक्षात दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील या दोघांनीच घेतलं. ब्राझीलने त्यातही बदल केला. मूळ मानकात १६ ॲम्पिअरसाठी ४.५ मिमीची एकच पिन आहे, ब्राझीलने १० ॲम्पिअरसाठी ४ मिमी आणि २० साठी ४.८ मिमी अशी दोन मापं काढली. स्वित्झर्लंडचा प्लग लांबून तसाच दिसतो, पण त्याची अर्थपिन ५ मिमी बाजूला असते आणि आयईसीची ३ मिमी. म्हणजे दोघं एकमेकांत जात नाहीत. युरोपने ९०च्या दशकात एकच प्लग करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. भिंतीत गाडलेलं सॉकेट बदलायचा खर्च घरमालकाचा, आणि त्याच्या हाती दिसेल असा फायदा काहीच नाही. मग कोण बदलणार?

व्यापार करारातली पळवाटही बघण्यासारखी आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या तांत्रिक अडथळ्यांच्या कराराचं कलम २.४ आंतरराष्ट्रीय मानकं आधार म्हणून घ्या म्हणतं, पण हवामान, भूगोल किंवा मूलभूत तांत्रिक अडचण असेल तर सूट देतं.

फेज_न्यूट्रल_अर्थ:
वरच्या मताशी निम्माच सहमत. भिंत महाग, हे खरं. पण जिथे भिंत फोडायची नाही तिथे आपणही जगाबरोबर जातो. मोबाइल चार्जिंगचा यूएसबी टाइप-सी आपल्याकडे भारतीय मानक म्हणून आलाच ना. माझी तक्रार रंगांबद्दल आहे, कारण तिथे गफलत जीवघेणी होते.

आपल्या साइटवर तीन फेज म्हणजे लाल, पिवळा, निळा. न्यूट्रल काळा. आयातीच्या वायरीत मात्र निळा म्हणजे न्यूट्रल. मुलुंडकर, तुमच्या फ्लॅटला बिल्डिंगच्या बी (निळ्या) फेजवरून सप्लाय असेल आणि वायरमनने निळ्याला निळा जोडला, तर न्यूट्रलवर फेज गेला. मशीन चालेल, पण आतला स्विच एकेरी (एकच तार तोडणारा) असेल तर बंद केल्यावरही हीटरच्या तारेत करंट उभा. ब्रिटनने २००४ मध्ये रंग बदलले तेव्हाही हाच घोळ होता. जुना काळा न्यूट्रल, नवा काळा फेज. म्हणून जोड नेहमी टेस्टर लावून, रंगावर विसंबून नाही.

मुलुंड_पूर्व:
ओव्हनच्या पाटीवर ३.६ किलोवॅट लिहिलंय. सोळाचा टॉप चालेल?

लोहारचाळ_रेग्युलर:
३६०० भागिले २३०, साडेपंधराच्या वर. तासभर बेकिंग चाललं तर टॉप आणि सॉकेट दोन्ही काठावर. प्लगच नको. चार स्क्वेअरची वेगळी वायर, २० ॲम्पिअरचा एमसीबी, ओट्याच्या वर हाताला येईल असा दोन पोलचा डीपी स्विच आणि तिथून ओव्हनच्या मागे कनेक्टर बॉक्स. भिंत उघडी आहे तोवर हे आजच सांगा. प्लॅस्टर झाल्यावर पाइप घालायला परत ओटा हलवावा लागेल.