मदत हवी आहे: लेझर करून चष्मा घालवावा का? उद्यापर्यंत सांगायचंय

नाकावरची_खूण:
लेसिक करायचं जवळजवळ ठरलंय. सेंटरवाले म्हणतात उद्या संध्याकाळपर्यंत पैसे भरले तर सवलत. आईचं एकच पालुपद, चांगल्या डोळ्यांना कशाला हात लावतेस? चांगले असते तर चष्मा कशाला लागला असता! धोके खरे किती आणि ऐकीव किती? ज्यांनी केलंय त्यांनीच लिहा, गूगल करून झालंय.

घाटमाथा:
नंबर? वय? कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी? पत्रिका न देता मुहूर्त विचारताय.

कंदील:
मी २०११ मध्ये केलं. -४ होता. दुसऱ्या दिवशी उशीजवळ चष्मा न चाचपडता भिंतीवरचं घड्याळ दिसलं आणि रडूच आलं. सहा-सात महिने डोळे कोरडे, थेंबांची बाटली कायम पर्समध्ये. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती वलय अजून दिसतं. तरी सांगते, डोळे झाकून करा.

अण्णा_वाडीकर:
रोज त्राटक आणि गाजराचा रस. पुतण्याचा चष्मा गेला.

घाटमाथा:
नंबर किती होता पुतण्याचा?

अण्णा_वाडीकर:
पाव.

नाकावरची_खूण:
बरं. वय २४. उजवा -६.५, डावा -५.७५. जाडी ४९८ मायक्रॉन. "होऊन जाईल" म्हणाले.

घाटमाथा:
ढोबळ हिशेब: एका नंबरला साधारण १५ मायक्रॉन घासावं लागतं. उजव्याला ९७ धरा, फ्लॅपचे (लेझरआधी कापून उचलतात तो वरचा पापुद्रा) ११०. खाली २९१ उरतात, म्हणजे किमान २५० उरावेत या नियमात बसतं. पण ४९८ मधल्या २०७ ला हात लागला, ४० टक्क्यांच्या वर. तिथून पुढे कॉर्निया कमजोर होऊन फुगण्याचा धोका वाढतो. पीआरके हा लेझरचाच दुसरा प्रकार, त्यात फ्लॅप नसतो, जाडी वाचते. पण पहिले काही दिवस चांगलंच दुखतं आणि नजर सावकाश येते. आयसीएलबद्दलही विचारा, त्यात कॉर्निया न घासता आत भिंग बसवतात.

कंदील:
घाबरवताय तिला. डॉक्टर आहात का?

घाटमाथा:
नाही. ऑप्टोमेट्री (नजर तपासणं) शिकलोय, दिवसभर हेच मोजतो. -४ चा अनुभव साडेसहाला लागू नाही, एवढंच. आणि खूणताई, नंबर शेवटचा कधी बदलला? तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस बंद होत्या?

हिशेबी:
विम्याच्या भरवशावर राहू नका. साडेसातच्या आतल्या नंबरला आरोग्यविमा पैसे देत नाही.

सोनपावलं:
चाळिशीला वाचायचा चष्मा लागतोच, लेझर केलं तरी. जुने रिपोर्ट जपून ठेवा, पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढायला लागतात. त्यावरून आठवलं, बाबांच्या मोतीबिंदूला देशी लेन्स चालेल का?

नाकावरची_खूण:
कॉन्टॅक्ट लेन्स? तपासणीच्या दिवशी सकाळीसुद्धा घातल्या होत्या, तिथे जाऊन काढल्या. कुणी विचारलंच नाही. उजवा गेल्या दिवाळीला -५.७५ होता.

घाटमाथा:
मग नंबर अजून सरकतोय, आणि ते ४९८ सुद्धा धरू नका. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स दोन आठवडे बंद ठेवा, मग दुसरीकडे टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, काढून घ्या. नंबर वर्षभर स्थिर राहिल्याशिवाय टेबलावर झोपायचं नाही.

नाकावरची_खूण:
दोन आठवडे चष्मा?? १९ तारखेला मावसबहिणीचं लग्न आहे हो!

सोनपावलं:
अरे वा, कुठे आहे लग्न?