सहा वर्षांच्या मुदतीने अर्जाचा अडथळा दूर होतोच असे नाही
कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, भाड्याच्या घरासाठी अर्ज करताना आधीच्या घराची भाडेथकबाकी सहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर कौन्सिलला ती विचारात घेताच येत नाही, असे मत मांडले जाते; ते इंग्लंडपुरते अर्धेच बरोबर आहे. १९८० च्या लिमिटेशन ॲक्टमुळे (दाव्यांची मुदत ठरवणाऱ्या कायद्यामुळे) इतक्या जुन्या भाड्याची न्यायालयातून वसुली करता येत नाही हे खरे, परंतु त्यामुळे देणे नाहीसे होत नाही. आणि २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टनंतर या घरांच्या प्रतीक्षायादीचे पात्रतानिकष बऱ्याच अंशी कौन्सिलच ठरवत असल्यामुळे जुनी थकबाकीही अर्जाच्या आड येऊ शकते.

म्हणून मुदतीपेक्षा थकबाकी मुळात खरी आहे का, या प्रश्नावर भर द्यावा. डेटा संरक्षण कायद्याखाली जुन्या घरमालकाकडे आपल्या भाडेखात्याची संपूर्ण नोंद मागता येते, आणि ती सहसा विनाशुल्क, एका महिन्यात द्यावी लागते. माझ्या परिचयातील एका कुटुंबाच्या खात्यावर चाव्या परत केल्यानंतरच्या आठवड्यांचेही भाडे चढवलेले होते, हे अशा नोंदीतूनच उघड झाले. तोवर ते मुलांसह एका खोलीत राहत होते आणि त्यांचे म्हणणे कोणीही ऐकून घेत नव्हते, याचा मला आजही राग येतो. अपात्र ठरवल्याचे केवळ फोनवर कळवले तर तेवढ्यावर थांबू नये, कारण १९९६ च्या हाउसिंग ॲक्टनुसार तो निर्णय कारणांसह लेखी कळवणे कौन्सिलवर बंधनकारक आहे आणि अर्जदाराला फेरविचार मागण्याचा हक्क आहे. त्या फेरविचाराच्या अर्जाला खात्याची नोंद आणि चाव्या दिल्याची पावती अवश्य जोडावी.