मदत हवी आहे: फ्लिप टर्नला नाकात पाणी जातं आणि पाय भिंतीला लागत नाहीत

बेडूकउडी
मंडळी, पुण्यात सिंहगड रस्त्याकडच्या सोसायटीचा पोहण्याचा टँक आहे. लांबी २० मीटर, खोली एका टोकाला साडेतीन फूट, दुसऱ्या टोकाला साडेपाच. फ्रीस्टाइल सलग ४०० मीटर होतं, दोन्ही बाजूंना श्वास घेता येतो. वळताना मात्र कठड्याला हात लावून, थांबून, मग परत. फ्लिप टर्न, म्हणजे भिंतीपाशी पाण्यातच कोलांटी मारून वळणं, शिकायचाय, कोच नाही. अडचणी अशा:

नाकात पाणी थेट कपाळापर्यंत चढतं. कोलांटी होते, पण बाहेर येताना तोंड शेजारच्या लेनकडे. दहातल्या सहा वेळा पाय भिंतीपर्यंत पोचत नाहीत, उरलेल्या चार वेळा टाचा कठड्यावर आपटतात. तळाला काळी रेघ नाही. ‘व्हिडिओ बघा’ सोडून काहीही सांगा.

उलटसुलट
आठवडाभर भिंत विसरा. तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचा भिंतीशी संबंधच नाही. साडेपाच फुटांच्या बाजूला, कठड्यापासून चांगले चार-पाच मीटर लांब, नुसत्या कोलांट्या मारा.

आधी नाक. तोंड बंद ठेवून नाकातून ‘म्ऽऽ’ असा हुंकार द्यायचा. हनुवटी छातीकडे गेली की सुरू आणि पाय भिंतीवरून सुटून तुम्ही पालथे होईपर्यंत चालू. बहुतेकांची चूक ही की कोलांटीच्या पहिल्या अर्ध्यातच सगळी हवा भसकन सोडून देतात. डोकं खाली असतानापेक्षा जास्त पाणी शिरतं ते नंतर, पाय भिंतीवर आणि चेहरा वर असतो तेव्हा. नाकपुड्या आकाशाकडे आणि आत हवा शिल्लक नाही, मग पाणी आत येणारच. म्हणून निम्मी हवा त्या क्षणासाठी राखून ठेवा. हुंकार बारीक हवा, पण तुटता कामा नये.

वाकडं जाण्याची कारणं दोन. एक, शेवटच्या हाताला (म्हणजे स्ट्रोकला) श्वास घेता. मान वळलेली असताना कोलांटी सुरू झाली की ती तिरकीच होते. शेवटचा श्वास भिंतीआधी दोन हात, त्यानंतर नजर तळाकडे. दुसरं, हात. शेवटचा स्ट्रोक संपला की दोन्ही हात मांड्यांशी, तळवे तळाकडे. मग हनुवटी छातीला, छोटीशी डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून एकदम मारायची), कंबर वर. शरीर फिरत असताना कोपरापासून दोन्ही तळवे डोक्याच्या दिशेने पाणी दाबतात. हात जवळपास जागेवरच राहतात, शरीर त्यांच्याभोवती फिरतं. त्यामुळे कोलांटी संपते तेव्हा हात आपोआप डोक्यापलीकडे तयार असतात. एकाच हाताने पाणी ओढलंत की शेजारची लेन.

गुडघे छातीशी कसे आणायचे हे मुटका (गुडघे पोटाशी घेऊन पाण्यात उडी) मारणाऱ्याला सांगावं लागत नाही. तेवढंच घट्ट, फक्त हातांनी गुडघे धरायचे नाहीत. हात फार भटकत असतील तर दोन्हींत एकेक किकबोर्ड (पोहण्याची तरंगती फळी) धरून, मांडीलगत ठेवून कोलांट्या मारा. एका वेळी पाच, मग मिनिटभर थांबा. गरगरलं तर त्या दिवशी बंद. कानाचा पडदा किंवा मानेचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

टीच्या_पुढे
वरच्याला +१. आता भिंत.

फ्लिप टर्न म्हणजे ‘कोलांटी आणि गिरकी एकदम’ असं डोक्यात असेल तर काढून टाका. क्रम असा: अर्धी कोलांटी, पाय भिंतीला, पाठीवर असतानाच ढकलणं, आणि मग सरकता सरकता कूस बदलून पालथं होणं. पाय टेकायच्या आधीच पालथं व्हायला गेलात तर एक पाय आधी लागतो, दुसरा घसरतो आणि जोर निम्मा होतो. पाय टेकतात तेव्हा बोटं वर, पाण्याच्या पृष्ठभागाकडे. दोन पायांत खांद्याएवढं अंतर, गुडघा साधारण काटकोनात.

हा ढकलण्याचा भाग कोलांटीशिवाय वेगळा बसवा. दोन्ही हातांनी कठडा धरून पाय भिंतीला लावा, हात सोडून पाठीवर पाण्याखाली जा, तळहातावर तळहात, दंड कानांना चिकटलेले, आणि ढकला. दोन-तीन मीटर सरकलात की कूस बदला. वीसेक वेळा झालं की मग कोलांटी जोडा.

अंतराबद्दल. स्पर्धेच्या टँकमध्ये तळाची रेघ भिंतीच्या २ मीटर आधी संपते, तिथे आडवी पट्टी असते, तोच टी. डोकं टीवर आलं की एक हात आणि मग आत, हा सुरुवातीचा हिशोब. कोलांटी सुरू होताना डोकं भिंतीपासून मीटरभर. उंच माणसाला थोडं आधी, ठेंगण्याला थोडं नंतर. तुमच्याकडे टी नाही तर टेपने २ मीटर मोजून तळाला बुडणारी रंगीत रिंग ठेवा. पाय पोचले नाहीत तर पुढच्या वेळी अर्धा हात उशिरा, टाचा आपटल्या तर अर्धा हात लवकर. मात्र वेग तोच हवा. तुमचं ‘सहा आणि चार’ होतंय ते बहुधा यामुळेच: भिंत जवळ आली की कधी वेग मरतो, कधी नाही, आणि अंतराचा हिशोब दर वेळी बदलतो. भिंत बघायला मान वर केलीत की कंबर खाली जाते, तिथेही वेग मेलाच.

टाचा आपटण्याचं आणखी एक कारण, पाय सरळ ठेवून फेकणं. गुडघे मिटलेलेच पाण्यावरून न्या, छपाक आवाज कमी झाला की समजा जमतंय.

खोलीमापक
साडेतीन फुटांच्या टोकाला फ्लिप टर्न नकोच. कोलांटी खोल गेली तर डोकं फरशीला. तिथे हात लावूनच वळा. निम्मी वळणं साडेपाच फुटांकडे मिळाली तरी ४०० मीटरला नऊ-दहा होतात. बालेवाडीच्या ५० मीटर टँकचा मोह सगळ्यांना होतो, पण तिथे ४०० मीटरला सातच वळणं. शिकायला छोटा टँक बरा.

टिळक टँकवर वगैरे गर्दीच्या बॅचला गेलात तर भिंतीला लटकून गप्पा मारणारे असतात. टाच कुणाच्या छातीत बसायला वेळ लागत नाही. लेन रिकामी दिसल्याशिवाय मारू नका.

बेडूकउडी
धन्यवाद! रिंगेऐवजी स्टीलची वाटी चालेल का? नोज क्लिप घ्यावी का? आणि आज ढकलण्याचा सराव केला तर कधी तळाकडे जातोय, कधी लगेच वर. का?

उलटसुलट
वाटी बुडते, पण फिकट फरशीवर गॉगलमधून दिसत नाही. लाल किंवा काळी रिंग घ्या. क्लिपला माझा विरोध. हुंकार शिकायचा राहून जातो.

टीच्या_पुढे
मी क्लिपच्या बाजूने, पहिल्या तीन-चार दिवसांपुरती. नाकाची धास्ती गेली की माणूस हात-पायांकडे लक्ष देतो. मग काढून टाका.

वर-खाली जाण्याचं उत्तर पायांच्या जागेत आहे. पाय कंबरेपेक्षा वर टेकले तर जोर तुम्हाला तळाकडे ढकलतो, खाली टेकले तर थेट पृष्ठभागाकडे. कंबर आणि तळपाय एका रेषेत हवेत, पाण्याखाली दीड वीत. स्पर्धेच्या टँकच्या भिंतीवर फुली असते, तिचा मध्य पाण्याखाली ३० सेंमी, तोच अंदाज धरा. जागा बरोबर असूनही वर येत असाल तर हनुवटी वर गेली आहे का बघा. सरकताना पोट आत, बोटांची टोकं समोरच्या भिंतीकडे. आणि वर आल्यावर पहिल्याच हाताला श्वास घेऊ नका, दुसऱ्याला घ्या.