तुमचा पहिला गेम: बाहेर काढलात की फोल्डरमध्येच राहिला?

दोरीवाला
नोकरी सांभाळून दोन वर्षं एक गेम करतोय. तुम्ही एसटीचे कंडक्टर. गर्दीतून वाट काढत तिकिटं फाडायची, सुट्टे द्यायचे, कोण कुठे उतरणार ते लक्षात ठेवायचं आणि वेळेवर डबल बेल मारायची. ११ फेऱ्या आहेत, अकराही पूर्ण होतात. म्हणजे गेम झालाय. तरी दिवाळीपासून मी फक्त गाडीचा तांबडा रंग बदलत बसलोय. इच डॉट आयओ या छोट्या गेम्सच्या साइटवर पान तयार आहे, तिथे पैसेही लागत नाहीत, 'ड्राफ्ट'चं 'पब्लिक' करायचं की झालं. पण हात जात नाही. हे खेळणार कोण, आणि खेळलंच कोणी तर हसेल, असं वाटतं. तुमचं काय झालं ते सांगा. उपदेश नको, फसलेलं चालेल.

रातकिडा
मला घाबरायला वेळच मिळाला नाही. ग्लोबल गेम जॅमला, म्हणजे एका वीकेंडमध्ये गेम करायच्या मेळाव्याला गेलो होतो. शुक्रवारी संध्याकाळी विषय कळला, रविवारी जे काही झालं असेल ते चढवायचं. आमचा बेडूक भिंतीतून आरपार जायचा. दुरुस्त करायला वेळ नव्हता, म्हणून वर्णनात लिहून टाकलं की हा बेडूक भूत आहे. आठवड्याने कोणीतरी विचारलं, भूत आहे तर पाण्यात बुडतो कसा? पाणी चौथ्या पातळीवर येतं. म्हणजे एक अनोळखी माणूस तिथवर खेळला होता!

खिडकीजवळची
माझा शब्दकोड्यांचा गेम, अँड्रॉइडवर. प्ले स्टोअरचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात, ते भरले आणि आता झालंच म्हणून पेढे आणायच्या बेतात होते. मग कळलं, नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवं. (ही अट आधी २० जणांची होती, त्यामुळे मी सुदैवीच म्हणायची.)

तोवर घरात कोणालाही सांगितलं नव्हतं की मी असलं काही करते. आता १२ माणसं कुठून आणू? ऑफिसमध्ये विचारायची लाज वाटली. शेवटी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं. ज्यांनी उत्साहाने अंगठे दाखवले त्यातल्या निम्म्यांकडे आयफोन निघाले, ते बाद. उरलेल्यांत आत्या, दोन मामेभाऊ, धाकट्या नणंदेच्या मैत्रिणी असं करत बरोबर १२ जमवले. नवव्या दिवशी मामा चाचणीतून बाहेर पडले, कारण 'मेलवर इंग्रजीत काहीतरी आलं, फ्रॉड असेल'. पुन्हा पहिल्यापासून मोजणी. दुसऱ्या वेळी १५ जण घेतले.

पण खरी मजा आईची. तिला फोन दिला आणि काही न बोलता बाजूला बसले. पहिल्याच पडद्यावर ती तीन मिनिटं अडकली. अक्षरं बोटाने ओढायची असतात हे मी कुठे सांगितलंच नव्हतं, मला ते इतकं उघड वाटत होतं. वर्षभर मी मनातल्या मनात 'कोडी फार सोपी आहेत, लोक नावं ठेवतील' म्हणून कुढत होते. कोड्यापर्यंत कोणी पोचतच नव्हतं! ओढून दाखवणारं एक हलतं बोट पडद्यावर टाकलं, तेवढ्याने काम झालं. आता आई रोज खेळते आणि चुका काढते. 'पाणी' ऐवजी 'जल' का नाही चालत म्हणून परवा भांडली.

मोडका_पाय
मी पाच वर्षं थांबलो आणि कारण देवनागरीवर ढकललं. तेव्हा वापरत होतो त्या इंजिनात (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) 'किल्ला' लिहिलं की वेलांटी 'क'च्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसायची आणि 'ल्ल'चा पाय मोडलेला दिसायचा. गडांवरचा गेम आणि किल्लाच मोडका. मग प्रत्येक वाक्याचं चित्र करून चिकटवलं, शुद्धलेखनाची एक चूक सापडली की पुन्हा नवं चित्र. २०२३ मध्ये गोडो या दुसऱ्या इंजिनाची चौथी आवृत्ती आली, तिच्यात जोडाक्षरं नीट बसतात. सगळा गेम तिकडे हलवला. कारण संपलं. तरीही आठ महिने काढला नाही, तेव्हा कुठे स्वतःशी कबूल केलं की अडचण वेलांटीची नव्हती.

सत्तर_मिनिटं
स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानात काढला. १०० डॉलर भरा, कराचे फॉर्म भरा, पॅन द्या, 'लवकरच येत आहे'चं पान दोन आठवडे तरी लावून ठेवा. ते १०० डॉलर परत मिळतात, पण १००० डॉलरची कमाई झाल्यावर. माझ्या ६१ प्रती खपल्या, तेव्हा विषयच नको. शिवाय माझा गेम ७० मिनिटांत संपतो आणि दोन तासांच्या आत खेळून १४ दिवसांत परत केला तर गिऱ्हाइकाला पैसे मिळतात. नऊ जणांनी शेवटपर्यंत खेळून वाचनालयातलं पुस्तक केल्यासारखा परत केला. त्यातल्या एकाने 'आवडला' असा अभिप्रायही ठेवलाय. पहिलाच गेम असेल तर दोरीवाले, फुकटच ठेवा. पैसे आले की खपाचे आकडे बघायचा रोग लागतो, मी रात्री दोनला उठून बघायचो.

अंगणातली
मी नाही काढला. मुलीच्या सहाव्या वाढदिवसासाठी केला होता, त्यात आमची मांजर आहे आणि आजोबांचा खरा आवाज आहे. सगळे म्हणतात टाक की. का टाकू? ज्यांच्यासाठी होता त्यांनी खेळला.

दोरीवाला
आईची गोष्ट वाचून काल बाबांना लॅपटॉप दिला. रोज एसटीने जाणारा माणूस. पहिल्याच थांब्यावर म्हणाले, 'अरे, चढणाऱ्यांच्या आधी उतरणाऱ्यांना उतरू दे.' दोन वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रंगाबद्दल मात्र अवाक्षर नाही. मग चौथ्या फेरीपर्यंत खेळले, चहा गार झाला.

उतरणाऱ्यांचं आज करतोय. फुकटच ठेवणार. रविवारी रात्री बटण दाबतो, पान इथेच देईन. सुट्टे घेऊन या.