एएमडी-इंटेल भांडतात तेव्हा प्रोसेसर खरंच स्वस्त होतो का?

प्रश्न:
नवीन डेस्कटॉप जोडायचाय, सगळे म्हणतात थांब, एएमडी न् इंटेल या दोन प्रोसेसर कंपन्यांपैकी एकीचा नवा प्रोसेसर आला की दुसरीचे भाव पडतील. खरंच पडतात का नुसत्या गप्पा?

सीपीयूवेडा:
पडतात, पण सरळ नाही. २०११ ते २०१७ आठवा, इंटेलचा नेहमीचा टॉप आय-७ प्रोसेसर चार कोरवरच (कोर म्हणजे आतला एकेक काम करणारा भाग) अडकलेला, कारण समोर तगडं कोणी नव्हतंच. मार्च २०१७ ला एएमडीचा रायझन १८००एक्स आला, आठ कोर ४९९ डॉलरला, तेव्हा इंटेलचा आठ कोरवाला ६९००के हजाराच्या वर होता! त्याच वर्षी आय-७ सहा कोरचा झाला. म्हणजे किंमत साधारण तीच, माल जास्त.

जुनाखोका:
एएमडीला देव करू नका राव. २०२० ला पुढे गेले आणि लगेच ५६००एक्स २९९ डॉलरला काढला, आधीचा ३६००एक्स २४९ ला होता. जो पुढे तो भाव खातो, साधं आहे.

सीपीयूवेडा:
@जुनाखोका बरोबर, आणि इंटेलची बारावी पिढी आल्यावर २०२२ मध्ये एएमडीचा १९९ डॉलरचा साधा ५६०० निघालाच की :)

प्रश्नकर्ता:
मग थांबू का घेऊ?

जुनाखोका:
काम अडलंय तर घे, नुसता प्रोसेसर बघू नको, मदरबोर्ड न् रॅम धरून हिशोब कर. मागच्या पिढीचा बघ, नवा आला की तोच आधी उतरतो. मी थांबत थांबत दोन वर्षं घालवली, जुना खोका अजून घरघरतोय.